दोन दिवसांची सुट्टी: नाशिकच्या वायनरी की गावातच सिनेमा? खान्देशातून ठरवताना

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठेही राहा. शनिवार-रविवार मोकळा मिळाला की दोन बेत हमखास निघतात. एक, 'चाल ना भो, नाशिकले जाऊत': द्राक्षमळे, वाइनची चाखणी, एक रात्र मुक्काम. दुसरा, कुठेही न जाता एक सिनेमा थेटरात आणि एक घरी. दोन्ही बेत चांगलेच आहेत, पण चुकीच्या दिवशी चुकीचा निवडला की दोन्ही फसतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. रात्रीचा मुक्काम आणि न पिणारा ड्रायव्हर, या दोन्ही गोष्टी पक्क्या असतील तर नाशिकला निघा. यातली एक जरी डळमळीत असेल तर सिनेमा बघा आणि नाशिक पुढच्या महिन्यावर ढकला. वाइन कुठली चांगली, मळा कुणाचा सुंदर, हे प्रश्न त्यानंतरचे.

अंतर आणि गाडी

धुळे ते नाशिक साधारण 160 किलोमीटर. म्हणजे धुळेकराला नाशिक जवळपास मुंबईकराइतकंच लांब आहे, तरी 'नाशिकला वाइन प्यायला मुंबईचे लोक जातात' असा आपल्याकडे एक समज आहेच. जळगावकराला त्यात आणखी नव्वदेक किलोमीटर जोडावे लागतात, भुसावळकराला त्यावर पंचवीस. सकाळी सहाला जळगाव सोडलं तर पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव करत नाश्त्यासह नाशिकला पोहोचायला अकरा वाजतात. साडेनऊला निघालेली मंडळी तीनला पोहोचतात, जेवण धाब्यावर उरकलेलं नसतं, शनिवारची वायनरी तोवर गच्च भरलेली असते आणि वायनरी दाखवणाऱ्या फेरीची जागा संध्याकाळची मिळते. ही सहल बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे उशिरा निघणंच असतं.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. जळगावहून जाऊन-येऊन 500 आणि नाशिकमधलं फिरणं 60, असं 560 किलोमीटर. गाडी लिटरला 15 देत असेल तर 37-38 लिटर, 105 रुपये भाव धरला तर चार हजारांच्या आत. त्यात टोल मिळवा. लळिंग, चांदवड, पिंपळगाव असे नाके या रस्त्यावर लागतात, त्यामुळे फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. मुक्काम, जेवण आणि चाखणी यांचा खर्च याच्या कितीतरी पुढे जातो. तुलनेला चार जणांचं सिनेमाचं तिकीट प्रत्येकी 200 रुपये धरलं तर 800, वर पॉपकॉर्न. खर्चाच्या बाबतीत ही स्पर्धाच नाही, आणि ज्याला फक्त खर्चावर ठरवायचं असेल त्याने पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये.

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही सगळी गावं मुंबईच्या रेल्वेमार्गावर आहेत. त्यांना गाडीपेक्षा रेल्वे बरी. जळगावहून नाशिकरोडला जलद गाडीने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तिथून गंगापूर धरणाकडचे मळे वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्ये सगळं शहर ओलांडून. नाशिकमध्ये दिवसभरासाठी टॅक्सी ठरवली की ड्रायव्हरचा प्रश्नही सुटतो. धुळ्याहूनही चाळीसगावमार्गे रेल्वे आहे, नंदुरबारकरांना मात्र रस्ताच सोयीचा.

ड्रायव्हरचा मुद्दा इतका का ताणायचा?

कारण चाखणीत किती दारू पोटात जाते याचा अंदाज लोकांना नसतो. चाखणीत पाच-सहा वाइन येतात, प्रत्येकी साधारण 30 मिलिलिटर. सहा घोट म्हणजे 180 मिलिलिटर. वाइनमध्ये अल्कोहोल 13 टक्के धरलं तर शुद्ध अल्कोहोल 23 मिलिलिटर, वजनात 18 ग्रॅमच्या वर. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमात मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. साठ-सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी हे सहा घोट पटापट घेतले तर तो त्या मर्यादेपलीकडे सहज जातो. पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हा फक्त कायद्याचा भाग झाला. परतीच्या वाटेवर चांदवडजवळ राहूड घाट आहे, तिथली अवजड वाहनांची रांग आणि उतार शुद्धीतल्या माणसालाही घाम फोडतात.

'मी फक्त चाखतो, गिळत नाही' म्हणणारा ड्रायव्हर चालतो का? चालतो, पण त्याने खरंच थुंकायला हवं. चाखणीच्या टेबलावर थुंकीपात्र मागितलं की मिळतं आणि ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. व्यवसायाने वाइन चाखणारे सगळे तेच करतात.

महिना कुठला

सिनेमाला महिना लागत नाही. वाइनला लागतो. नाशिकच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ येतं ते या दुसऱ्या छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. म्हणजे घड लटकलेले, ट्रॅक्टर येतायत, टाक्यांतून आंबट-गोड वास सुटलाय, हे बघायचं असेल तर जानेवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा एवढीच खिडकी आहे. पायाने द्राक्षं तुडवण्याचे कार्यक्रमही याच काळात होतात. वाइन अर्थातच यंत्रातल्या द्राक्षांची बनते, तुडवणं ही हौस.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार असतो आणि फोटो झकास येतात. पण वेलीवर द्राक्ष नसतं. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा छान, घड कच्चे आणि गर्दी बेताची. एप्रिल-मे टाळा. खरड छाटणीनंतर मळा नुसत्या काड्यांचा दिसतो, आणि ऊन बघायला भुसावळ सोडून नाशिकला जाण्यात अर्थ नाही.

जानेवारीच्या लांब सुट्टीत एक खोच आहे. 26 जानेवारीला दारूबंदीचा दिवस असतो. प्रजासत्ताक दिनाला जोडून बेत केलेली मंडळी नेमकी त्या दिवशी वायनरीच्या दारात उभी राहतात. मतदान संपण्याआधीचे 48 तासही तसेच कोरडे. तारीख ठरवण्याआधी हे तपासा. शिवाय सिंहस्थामुळे 2027 च्या जुलै ते सप्टेंबर या काळात नाशिकमध्ये खोली मिळणं आणि रस्ता मोकळा मिळणं दोन्ही अवघड राहील, तेव्हा त्या हंगामात वाइनचा बेत नकोच. जानेवारीत रात्री थंडी दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जाते. स्वेटर लागतो.

गंगापूर, दिंडोरी की इगतपुरी

नाशिकची वायनरी म्हणजे एकच जागा नाही. वेगवेगळ्या दिशांना पसरलेले हे मळे आहेत आणि एका दिवसात दोन दिशा केल्या की दिवस गाडीतच जातो. एक दिशा निवडा.

गंगापूर-सावरगाव रस्ता ही सगळ्यांना माहीत असलेली दिशा. सुला इथेच. 2000 मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली आणि पुढे याच रस्त्याने महाराष्ट्राला वायनरीत जाऊन वाइन पिण्याची सवय लावली. शेजारी यॉर्क, धरणाचं पाणी समोर दिसेल अशा जागी. थोडं पुढे गंगावऱ्हे भागात सोमा. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच जावं, कारण इथे सगळं बसवलेलं आहे. मार्गदर्शक मराठी-हिंदीत समजावतो, खायला मिळतं, न पिणाऱ्याला बसायला जागा आहे, मुलांना धावायला मोकळीक आहे आणि धरणाचा बोटक्लबही जवळ. वाईट बाजूही तीच. शनिवारी दुपारनंतर तिथे यात्रा भरते, गाडी लावायला वेळ जातो आणि चाखणी देणाऱ्याला प्रश्न विचारायला सवड मिळत नाही. शुक्रवारी किंवा रविवारी सकाळी गेलात तर तीच जागा वेगळी वाटते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: 2021 मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. दोन्हीकडच्या वाइनची चव वेगळी आहे, पण 'दोन वेगळ्या घरांची तुलना' करायला म्हणून जाणाऱ्याने एक सुला किंवा यॉर्क आणि दुसरी सोमा अशी जोडी घ्यावी.

दिंडोरी ही आपल्याकडच्यांना खरं तर सोयीची दिशा, तरी तिचा विचार फारसा होत नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने येताना पिंपळगाव बसवंतला किंवा ओझरला वळलं की नाशिक शहरात शिरावं लागत नाही. नंदुरबार-साक्रीकडून सटाणा, कळवण, नांदुरी, वणी असं आलं तर दिंडोरी थेट वाटेवरच आहे. इथे शांदोंचा कारखाना आहे, फेसाळ वाइनचा, 2013 पासूनचा. आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहण्याची ही जागा नव्हे, आधी नोंदणी करून जा. बघण्यासारखं काय, तर फेसाळ वाइन बनवण्याची पद्धत. वाइन एकदा टाकीत आंबते, मग बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात. बंद बाटलीत ती दुसऱ्यांदा आंबते आणि सुटलेला वायू आतच अडकतो. बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या पाच-सहापट होतो, म्हणून काच जाड आणि बुचाला तारेचा पिंजरा. ही पद्धत एकदा समजली की बाटली एवढी महाग का, हे विचारावं लागत नाही. लाल वाइनच्या शौकिनालाही दिंडोरी नवीन नाही, शिराझ या लाल वाइनच्या लेबलवर दिंडोरीचं नाव झळकतं.

दिंडोरीच्या बाजूला खायची-बसायची सोय गंगापूरपेक्षा विरळ आहे. पण आई-वडील बरोबर असतील तर तिचा एक फायदा असा की वणीचा गड जवळ पडतो. सप्तशृंगी निम्म्या खान्देशाची कुलदेवता, आणि 2018 पासून गडावर ट्रॉली असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनाही वर जाता येतं. पहिल्या दिवशी दर्शन आणि दुसऱ्या दिवशी दिंडोरी असा क्रम ठेवा, उलटा नको. घरातलं वातावरणही बिघडत नाही. चैत्रात हा रस्ता खान्देशातून पायी निघालेल्या भाविकांनी भरलेला असतो. त्या दिवसांत रात्री गाडी चालवू नये.

इगतपुरी तिसरी. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा त्या बाजूला, डोंगर-धरणांच्या सान्निध्यात. व्हॅलोने लहान आणि शांत. वाइन खरंच मनापासून समजून घ्यायची असेल, गर्दी नको असेल, तर ही जागा तिघांत उजवी ठरेल. पण खान्देशातून जाणाऱ्याला नाशिक ओलांडून आणखी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जावं लागतं. दोन दिवसांत ते जड होतं. तीन दिवस असतील तरच घ्या.

फेरीत काय बघायचं आणि काय चुकतं

फेरी साधारण अर्ध्या-पाऊण तासाची असते. द्राक्षं दाबायचं यंत्र, स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, मग चाखणी. टाक्यांना थंड पाण्याचा वेढा का असतो, ते विचारा. पांढरी वाइन साधारण 12 ते 16 अंशांवर आंबवतात, लाल 25 च्या आसपास. पांढरीचं तापमान चढलं तर फुला-फळांचा वास उडून जातो, म्हणून नाशिकच्या हवेत थंडाव्याशिवाय ही वाइन होतच नाही. लाल वाइनला सालीचा रंग आणि तुरटपणा हवा असतो, तिला थोडी ऊब लागते. तोडणीही पहाटे किंवा रात्री करतात, त्यामागेही हेच कारण.

वेलीवरचं द्राक्ष तोडून तोंडात टाकू नका. एक तर फवारणी असते, दुसरं म्हणजे ते आपल्या ओळखीचं थॉम्पसन किंवा सोनाका नसतं. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. खाऊन निराशाच होते.

चाखणीचा क्रम फेसाळ, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड असा असतो. मधूनच 'मला ती गोडवाली आधी द्या' म्हटलं की पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. अत्तर लावून जाऊ नका, शेजाऱ्यालाही वास कळत नाही. आधी पोटात काहीतरी असू द्या, पण तिखट नको. मालेगावला झणझणीत खाऊन आलेल्या जिभेला पुढचा तासभर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आणि पाणी यांत फरक कळत नाही. वयाचं ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावं.

आता सगळ्यात प्रामाणिक मुद्दा. ज्याने याआधी वाइन घेतलेली नाही आणि ज्याला दारू म्हणजे कडक हवी, त्याला ही सहल फिकी वाटेल. लाल वाइन पहिल्या घोटाला तुरट-आंबट लागते, आणि 'एवढ्या लांब यासाठी आलो?' असा चेहरा होतो. अशा गटाने सिनेमाच बघावा. दोनशे-अडीचशे किलोमीटर जाऊन नाराज होण्यापेक्षा ते स्वस्त.

सिनेमाचा पर्याय

सिनेमाची निवड सोबत कोण आहे यावर करा. घरातल्या सगळ्या पिढ्या एकत्र असतील तर 2025 चा 'आता थांबायचं नाय'. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी वय उलटून गेल्यावर दहावीला बसतात, एवढीच गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनीही हात आखडता घेऊन काम केलंय, हशा आहे पण कुणाची टिंगल नाही. शेवट कुठे जाणार ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं, तरी आजीपासून नातवापर्यंत कुणी उठून जात नाही.

'दशावतार' (सप्टेंबर 2025) मोठ्या पडद्यासाठीच बनलेला आहे. कोकणातलं रात्रीचं जंगल, दशावताराचा रंग, आवाज, हे मोबाइलवर बघणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पहिल्या भागात इतका खरा आहे की उत्तरार्धातला बदल्याचा भाग जरा भडक वाटतो. घरी बघणार असाल तर निदान टीव्हीला स्पीकर जोडा आणि दिवे घालवा.

'साबर बोंडं' सगळ्यांसाठी नाही, आणि हे आधी सांगितलेलं बरं. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईतला तरुण आणि गावातला त्याचा जुना मित्र, या दोघांचं हळूहळू जवळ येणं. पार्श्वसंगीत नाही, दृश्यं लांब, बोलणं कमी. मित्रांच्या घोळक्यात बघितलात तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी मोबाइल काढेल. एकट्याने किंवा दोघांनी, फोन बाजूला ठेवून बघा. सुतकातल्या घरातली कुजबुज आणि नातेवाइकांचे 'लग्नाचं काय' हे प्रश्न इतके ओळखीचे आहेत की मध्येच हसू येतं.

आणि नाशिकला जायचं ठरलंच असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघून घ्या. रीमा कागतींचा हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी 2025 मध्ये थेटरात आला, नंतर प्राइम व्हिडिओवर. यंत्रमागाच्या गावातल्या नासिर शेखने मित्रांना जमवून, उसन्या सामानावर सिनेमे काढले, त्याची ही खऱ्या घटनांवर बेतलेली कथा. पूर्वार्ध चपळ आणि विनोदी आहे. मधे मैत्री फिसकटते तिथे थोडा रेंगाळतो, पण त्यांच्यातल्याच शफीक या मित्रासाठी सगळे पुन्हा एकत्र येतात तो शेवटचा टप्पा दमदार. विनीत कुमार सिंहचा लेखक सगळ्यांत लक्षात राहतो. दुसऱ्या दिवशी मालेगावचा बायपास घेताना गाडीत विषय मिळतो, एवढा उपयोग नक्की.

थेटर आणि घर यांत निवडायचं झालं तर जळगाव-धुळ्यात मराठी सिनेमाचा अनुभव असा की चांगला सिनेमा पहिल्या आठवड्यातच बघावा लागतो. दुसऱ्या शुक्रवारी मोठा हिंदी किंवा दाक्षिणात्य सिनेमा आला की मराठीला सकाळी साडेनऊचा नाहीतर रात्री उशिराचा एकच खेळ उरतो. म्हणून 'पुढच्या आठवड्यात बघू' हे सिनेमाबाबत चालत नाही. वाइनला चालतं, मळा कुठे पळत नाही. दोन्ही बेत एकाच आठवड्यात टक्कर घेत असतील तर पारडं सिनेमाकडे झुकायला हे एक कारण पुरेसं आहे.

दोन्ही एकत्र करता येतं का

येतं, फक्त क्रम नीट हवा. शनिवारी दुपारपर्यंत एक वायनरी, संध्याकाळी खोलीवर विश्रांती, रात्रीचा खेळ नाशिकमध्ये. नाशिकला पडदे जास्त असल्याने जळगावातून उतरलेला मराठी सिनेमा तिथे बऱ्याचदा चालू असतो. रविवारी सकाळी दुसरी वायनरी, पण त्याच रस्त्यावरची, आणि दुपारी दोनच्या आत परतीला लागायचं. चाखणी आणि सिनेमा यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा. दुपारच्या वाइनवर लगेच अंधारात बसलं की मध्यंतरापर्यंत निम्मी रांग घोरत असते. 'साबर बोंडं' सारखा शांत सिनेमा या दिवशी अजिबात निवडू नका.

लहान मुलं असतील तर दोन वायनरी करू नका. एक वायनरी, बोटक्लब, सिनेमा. त्यांना टाक्यांमध्ये रस नसतो आणि दुसऱ्या फेरीला ती रडकुंडीला येतात.

बाटली घरी आणताना

आपल्याकडच्या परवानाधारक दुकानांत नेहमीच्या वाइन मिळतात. त्या तिथून ओढून आणण्यात काही हशील नाही, फक्त वायनरीतच मिळणाऱ्या बाटल्या घ्या आणि पावती जपून ठेवा. गाडीत बाटली डिकीत नको. मार्चच्या उन्हात उभ्या गाडीची आतली हवा सहज पन्नासच्या वर जाते, बूच वर सरकतं आणि वाइनला उकडलेल्या फळाची चव येते. ती परत नीट होत नाही. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची पिशवी टाकून पुढच्या सीटमागे ठेवा. फेसाळ बाटली असेल तर हे अधिकच सांभाळा, तिच्यात दाब आहे.

नंदुरबार-नवापूरकरांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं. नकाशा कधीकधी सापुतारा-आहवा मार्गे रस्ता दाखवतो. तो गुजरातेतून जातो, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. पावती महाराष्ट्राची असली तरी तिथे बाटली हा गुन्हाच. बाटली बरोबर असेल तर सटाणा-साक्रीचाच रस्ता धरा, वीस मिनिटं जास्त लागली तरी.

घरी कशासोबत प्यायची, तर इथेही लाल वाइनचा हट्ट सोडावा लागतो. आपलं भरीत हिरव्या मिरचीचं, शेवभाजी काळ्या मसाल्याची. तुरट लाल वाइन तिखटावर पडली की जीभ आणखी पेटते, आणि अल्कोहोल जितकं जास्त तितकी आग जास्त. भरीत-कळण्याच्या भाकरीसोबत किंचित गोडसर शेनिन ब्लां किंवा रिस्लिंग, 8 ते 10 अंशांवर थंड केलेली. शेवभाजीला झिनफांडेल द्राक्षाची रोझे. लाल ठेवायचीच असेल तर डाळबट्टीच्या दिवशी काढा. तूप-डाळीवर शिराझ छान बसते. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा नियम थंड देशातल्या खोलीसाठी आहे. जळगावच्या 35 अंशांच्या खोलीत ती औषधासारखी लागते, म्हणून दोनेक तास फ्रीजमध्ये ठेवून 16-18 अंशांवर आणा. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. दोघांनी दोन तासांच्या सिनेमासोबत एकेक घेतला तरी तीन उरतात. बूच लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवली तर पांढरी तीन-चार दिवस आणि लाल दोन-तीन दिवस बरी राहते. फेसाळ मात्र उघडली की त्याच रात्री संपवायची, तेव्हा ती चार माणसं असतील तेव्हाच उघडा.